गळ्यातले छर्रे आणि पागेतले हरभरे

पहिली सूचना अशी की 'हॅरिसन बर्जेरॉन' ही समानतेवरची गोष्ट वर्गात नुसती सांगून मोकळं होऊ नका. मी तसं केलं होतं. तो तास आठवला की अजून कानशिलं गरम होतात.

अकरावी कला, मराठी माध्यम, राज्यशास्त्र. 'समानता आणि न्याय' चालू होतं आणि जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास असल्यामुळे निम्मा वर्ग जांभया देत होता. जरा जाग यावी म्हणून मी कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाची १९६१ सालची 'हॅरिसन बर्जेरॉन' ही छोटी कथा मराठीत सांगायला घेतली. साल २०८१. अमेरिकेच्या राज्यघटनेला २११, २१२ आणि २१३ क्रमांकाच्या दुरुस्त्या झाल्यात आणि सगळे लोक एकदाचे समान झालेत. कसे? तर जॉर्ज हुशार आहे, म्हणून त्याच्या कानात सरकारी रेडिओ. दर वीसेक सेकंदांनी त्यात कर्कश आवाज होतो आणि डोक्यात चाललेला विचार तुटतो. तो अंगानेही दणकट, म्हणून गळ्यात छर्‍यांची ४७ पौंडांची कुलूपबंद पिशवी. टीव्हीवर नाचणार्‍या मुलींच्या अंगाला वजनं बांधलेली, देखण्या चेहर्‍यांवर मुखवटे. जॉर्जचा चौदा वर्षांचा मुलगा हॅरिसन तुरुंगातून पळून स्टुडिओत शिरतो, अंगावरची ओझी फेकून देतो आणि एका नर्तकीबरोबर थेट छतापर्यंत उडी घेतो. तेवढ्यात डायना मून ग्लँपर्स येते. लोकांना ओझी लावणं हे तिचं सरकारी काम. ती बंदूक चालवते, दोघेही मरतात. हॅरिसनची आई हे टीव्हीवर बघते, रडते आणि कशासाठी रडत होतो तेच विसरून जाते.

वर्ग चिडीचूप. मी खूश. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आरक्षणच की मॅडम!"

निम्मा वर्ग हसला. तीन-चार माना खाली गेल्या. तेवढ्यात घंटा झाली आणि मी म्हणाले, "उद्या बोलू." ते 'उद्या' माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक, कारण दुसर्‍या दिवशी त्या खाली गेलेल्या मानांपैकी दोन वर्गात आल्याच नाहीत. हसणार्‍या मुलांनाही दोष देता येत नाही. मी त्यांना गोष्ट दिली, पण ती तपासायला हातात काहीच दिलं नाही.

तेव्हापासून हा विषय मी दोन जोडतासिकांत घेते. कसा, ते खाली लिहिते. वाचनकट्टा किंवा अभ्यास मंडळ चालवणार्‍यांनाही हे जमेल.

आधी शब्द मोकळे करा

फळ्यावर तीन शब्द लिहा: समता, समानता, सारखेपणा. मुलं म्हणतात, एकच आहे. मग पंगतीचं उदाहरण घ्या. लग्नाची पंगत बसलीय. वाढप्याने ओळखीच्या पानावर दोन लाडू टाकले आणि कडेच्या पानाला ओलांडून गेला, तर त्याला काय म्हणतात? खेड्यातली मुलं तुमच्या आधी सांगतात, पंक्तिप्रपंच. या गुन्ह्याला आपल्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, म्हणजे तो किती जुना असेल बघा. आता पुढचा प्रश्न. पानात एक तीन वर्षांचं पोर बसलंय आणि एक नांगरट करून आलेला गडी. दोघांना मोजून दोन-दोन पोळ्या वाढल्या, तर पंक्तिप्रपंच टळला का? इथे वर्ग फुटतो. फुटू द्या, निकाल देऊ नका. मुलांना एवढंच दिसायला हवं की 'सारखं वाढणं' आणि 'कुणालाही कमी न लेखणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी त्या एकत्र येतात, कधी येत नाहीत.

'डिस्टोपिया' हा शब्द मी उशिरा आणते. 'उलटं रामराज्य' म्हटलं की मुलांना पुरतं. ज्या राज्यात सगळ्यांच्या भल्याचा फलक लागलेला असतो आणि फलकाखाली कुणी श्वाससुद्धा मोकळा घेऊ शकत नाही, ते उलटं रामराज्य.

पिशवी प्रत्यक्ष आणा

४७ पौंड म्हणजे २१ किलोंच्या थोडं वर. आकडा सांगून काही होत नाही. किराणा दुकानातून तांदळाची २० किलोंची गोणी आणा, वर किलोभर मीठ ठेवा आणि ज्याला हौस असेल त्याला उचलू द्या. (गळ्यात बांधू नका, उगीच मणक्याची भानगड.) गोणी खांद्यावर घेऊन फळ्यावरचं एक गणित सोडवायला सांगा आणि मध्येमध्ये डस्टर बाकावर आपटत राहा. त्याचं गणित चुकतं, सगळे हसतात, गोष्ट अंगात मुरते.

एका वर्षी एका मुलाने ती गोणी एका हाताने उचलून शांतपणे परत ठेवली. सुट्टीच्या दिवशी तो मार्केट यार्डात पोती उतरवायला जातो, हे मला तेव्हा कळलं. म्हणाला, "मॅडम, त्या जॉर्जला ही शाळा सुटल्यावर लावतात का आधी?" मला आधी प्रश्नच समजला नाही. तो सांगत होता की काहीजण वर्गात येतानाच पिशवी घेऊन येतात आणि ती लावायला कुठली ग्लँपर्स लागत नाही. हे वाक्य मी तेव्हापासून दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही.

तीन प्रश्न

आता गोष्ट पुन्हा सांगा, या वेळी थांबत थांबत. मुलांच्या वहीत तीन प्रश्न असू द्या: समान काय केलं? कुणाकडून काय काढलं आणि कुणाला काय दिलं? मोजणारा स्वतः तागडीत बसला का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बुद्धी, ताकद, रूप. म्हणजे माणसाच्या अंगभूत गोष्टी.

दुसर्‍या प्रश्नावर वेळ घालवा, खरी मेख तिथे आहे. गोष्टीत टीव्हीवरचा बातम्या देणारा निवेदक बोलताना इतका अडखळतो की त्याला वाक्य सुरूच करता येत नाही. शेवटी तो कागद नर्तकीच्या हातात देतो. मुलांना विचारा, या समान राज्यात त्याच्या वाचेवर कुणी उपचार केले का? शिकवायला कुणी दिलं का? नाही. जॉर्जची बायको हेझल बेताच्या बुद्धीची, सलग विचार न करता येणारी. तिला कुणी काही शिकवलं? नाही. पूर्ण कथा धुंडाळली तरी कुणालाही काहीही मिळाल्याचं एक वाक्य सापडत नाही. तिथे फक्त काढून घेतात. सगळ्यांच्या ताटातलं अन्न जमिनीवर ओतलं आणि म्हणाले, बघा, पंक्तिप्रपंच संपला.

तिसरा प्रश्न मुलांना फार आवडतो. ग्लँपर्सबाईंच्या अंगावर ओझं होतं का? कथेत तसा उल्लेख नाही. हेझल तिच्यासारखी दिसते, एवढंच येतं. एका मुलीने बाईंची बाजू घेतली, "ती मुळातच सरासरी असेल, मग ओझं कशाला?" तिच्या शेजारणीने लगेच टाकलं, "मग बंदूक? ती सगळ्यांकडं आहे का?" त्या दिवशी मला फारसं शिकवावं लागलं नाही.

तेच प्रश्न संविधानाला विचारा

उद्देशिकेची झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात द्या. पाठ असतेच, पण पाठ असलेलं वाचलेलं नसतं. शब्द आहेत 'दर्जाची व संधीची समानता'. उंचीची नाही, बुद्धीची नाही, नाकाचीही नाही. (नाक उगीच आणलं नाही. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाच्या कादंबरीतल्या काचेच्या शहरात माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत, घास किती वेळा चावायचा तेही ठरलेलं, तरी नायकाला खुपतं की नाकं अजून सारखी झाली नाहीत, म्हणून हेवा उरलाय. ती कादंबरी १९२०-२१ ची, आणि तिच्या स्वतःच्या देशात छापून यायला १९८८ उजाडलं. वेळ असेल तरच सांगा.)

मग अनुच्छेद १४ फळ्यावर लिहा आणि व्याकरणाचा प्रश्न विचारा: या वाक्यात कर्ता कोण? मुलं म्हणतात, नागरिक. नाही. कर्ता आहे 'राज्य'. राज्य कोणत्याही व्यक्तीला कायद्यापुढे समानता किंवा कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. व्हॉनेगटच्या दुरुस्त्यांनी नागरिकाच्या गळ्यात कुलूप घातलं, आपल्या चौदाव्या अनुच्छेदाने ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला बांधलं. १९७४ मध्ये रोयप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की समानता आणि मनमानी या एकमेकींच्या हाडवैरिणी आहेत. 'अनुच्छेद १४ म्हणजे सगळ्यांना एकच नियम' असं गाईडात छापून येतं, ते अर्धंच आहे. पानात पोर आणि गडी असतील, तर वाजवी कारणाने वेगळं वाढायला तो अडवत नाही. ओळखीच्या पानावर दुसरा लाडू टाकायला मात्र अडवतो.

आता बाबासाहेबांकडे या. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी १९३६ मध्ये लिहिलेलं, पण करता न आलेलं भाषण. त्यात ते समतेच्या टीकाकारांचं म्हणणं आधी मान्य करून टाकतात. माणसं असमान आहेतच. जन्मतः मिळालेलं शरीर वेगळं, घरातून मिळालेला वारसा म्हणजे आईबापांची देखभाल आणि शिक्षण वेगळं, स्वतःचे प्रयत्नही वेगळे. पण माणसं असमान आहेत म्हणून त्यांना असमान वागवायचं का? प्रयत्नांतल्या फरकाबद्दल वागवा म्हणतात. पहिल्या दोन गोष्टींबद्दलही तसंच वागवलं, तर शर्यतीत कोण जिंकणार हे सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. समता ही कल्पित गोष्ट असेलही, तरी कारभाराचं तत्त्व म्हणून ती स्वीकारावी लागते, असं ते तिथेच लिहितात. कल्पित! हा शब्द मी मुद्दाम दोनदा वाचते, कारण उलट्या रामराज्याचे सगळे लेखक जिथे संपतात तिथून बाबासाहेब सुरुवात करतात.

आणि २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण. त्यातलं 'अंतर्विरोधाच्या जीवनात प्रवेश' सगळ्यांना माहीत असतं. त्याच भाषणात त्याच्या थोडं आधी ते सांगतात की समतेविना स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांची बहुतेकांवर सत्ता, आणि स्वातंत्र्याविना समता माणसातली स्वतःहून काही करण्याची उमेद मारून टाकेल. जॉर्जच्या कानातला रेडिओ बारा वर्षं आधीच ऐकू आल्यासारखं हे वाक्य आहे.

पागेतले हरभरे

आमच्या भागात हा किस्सा तोंडोतोंडी चालत आलाय. राजर्षी शाहू महाराजांना एका वकिलांनी विचारलं, शिष्यवृत्त्या जातीवर कशाला, गुणांवर द्या. महाराज त्यांना पागेत घेऊन गेले. एरवी प्रत्येक घोड्याच्या तोंडाला चंदीची, म्हणजे दाण्याची, वेगळी पिशवी बांधलेली असायची, त्या दिवशी सगळे हरभरे एकाच जाजमावर ओतायला लावले. तगड्या घोड्यांनी फडशा पाडला, लंगडी-रोडकी लाथा खाऊन लांब उभी राहिली. किस्सा शब्दशः असाच घडला की नाही यात जाऊ नका. इतिहासात पक्कं आहे ते २६ जुलै १९०२ चं करवीर संस्थानचं आज्ञापत्र, रिकाम्या होणार्‍या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी.

मी खरंच मूठभर हरभरे नेते आणि गोणीशेजारी टेबलावर ठेवते. दोन्हीकडे पिशवीच आहे. एक छर्‍यांची, एक चंदीची. शाहू महाराजांच्या पागेत तगड्या घोड्याच्या पायात कुणी बेडी घातली नाही.

इथे एखादं चलाख पोर विचारणारच, "हरभरे मोजकेच असले तर? एकाच्या पिशवीत घातले की दुसर्‍याचे कमी झाले." प्रश्न खरा आहे, त्याला गप्प करू नका. जागा मोजक्या असतात, आणि ज्याची हुकते त्याला लागतंच. उपमा इथे संपते, पुढे ओढली तर फाटते. मग आकड्यांवर आणि कायद्यावर या. मागासवर्गांसाठी खास तरतूद करू देणारं १५ (४) हे कलम १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं. १९७६ मध्ये थॉमस खटल्यात न्यायालयाच्या बहुमताने सरकारी नोकर्‍यांतल्या आरक्षणाच्या १६ (४) या कलमाकडे समानतेला अपवाद म्हणून न पाहता समानतेचाच भाग म्हणून पाहिलं. २०१९ च्या १०३ व्या दुरुस्तीने आर्थिक निकषावर १० टक्के आरक्षण आलं. किती, कुणाला, कधीपर्यंत, यावर वर्गाने खुशाल भांडावं. मी मध्ये पडते ते एकाच ठिकाणी. हॉस्टेलची खोली मिळालेल्या पोरीला कुणी छर्‍यांची पिशवी म्हणालं, तर.

गोष्ट कोण वापरतंय तेही बघा

ही कथा खरोखर कोर्टात गेलीय. केसी मार्टिन नावाच्या गोल्फपटूच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा आजार होता. चालणं धोक्याचं, म्हणून त्याने स्पर्धेत मैदानावर चालण्याऐवजी छोटी गाडी वापरू द्या म्हटलं. २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं आणि शेवटी हीच कथा उद्धृत करून टोमणा मारला की साल २००१ आणि सगळे एकदाचे समान झाले. मुलांना तीन प्रश्न लावायला सांगा. दुसर्‍या खेळाडूंच्या पायाला कुणी वजन बांधलं का? नाही. मार्टिनला गाडी मिळाली, आणि खालच्या कोर्टाला तर आढळलं होतं की गाडी असूनही तो धडधाकट चालणार्‍यांपेक्षा जास्त थकतो. हुशार माणूसही गोष्टीने कसा भुलतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

दुसरं कॅन्सस राज्यातलं. २००५ मध्ये शाळांना पैसा वाटण्याच्या खटल्यात श्रीमंत भागाच्या बाजूने वकिलांनी हीच कथा पुढे केली. व्हॉनेगट तेव्हा हयात होता. त्याने वर्तमानपत्राला सांगितलं की वकिलांना कथा कळलेली नाही. ती बुद्धी आणि गुणांबद्दल आहे, आणि श्रीमंती हा या दोन्हींपैकी कशाचाच पुरावा नाही.

दूध कुठे गेलं?

दुसर्‍या दिवशी 'अ‍ॅनिमल फार्म' घ्या. ऑर्वेल, १९४५. शेतावरचे प्राणी बंड करून मालकाला हाकलतात आणि पुढे डुकरंच मालक होऊन बसतात, ती कादंबरी. लेखक बिहारमधल्या मोतिहारीत जन्मला, हे सांगितलं की पोरं सावरून बसतात. मुलांना विचारा, समता नेमकी कुठे मोडली? सगळे ते प्रसिद्ध वाक्य म्हणतात, काही प्राणी इतरांपेक्षा अधिक समान. (आमचे मराठीचे सर यावर दरवेळी वैतागतात, समानला तर-तम नसतं म्हणून. सर, तीच तर गंमत आहे.) पण ते वाक्य पुस्तकाच्या शेवटी येतं. समता मोडली ती अगदी सुरुवातीला, बंड जिंकलं त्याच वेळी. गाईंचं पाच बादल्या फेसाळ दूध निघालं, सगळे गवत कापायला गेले आणि संध्याकाळी परतले तर दूध गायब. नंतर सफरचंदंही डुकरांचीच. कारण काय, तर आम्ही डोक्याचं काम करतो, तुमच्या भल्यासाठीच पितो. भिंतीवर सात आज्ञा लिहिल्या होत्या, पण नीट वाचता येणारे कमी होते आणि रंगाचा डबा एकाच गटाकडे होता.

हे बादल्यांचं पान मी सावकाश वाचते. पंगतीत पहिला जास्तीचा लाडू पडतो तेव्हा कुणीच बोलत नाही, कारण सण असतो.

समतेच्या नावाने जुलूम होईल, ही भीती पूर्ण खोटी नाही

हे टाळू नका, नाहीतर मुलं तुम्हाला प्रचारक समजतील. १९७५ ते १९७९ मध्ये कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने शहरं रिकामी केली, पैसा रद्द केला, सगळ्यांना काळे कपडे आणि सामुदायिक भोजन लादलं. शिकलेल्यांना शत्रू ठरवलं. पंधरा ते वीस लाख माणसं मेली, असे अंदाज आहेत. इथेही तेच तीन प्रश्न लावा. यावर मी जास्त बोलत नाही. वर्ग आपणहून गप्प होतो.

गृहपाठ

निबंध देऊ नका. 'समानता: काळाची गरज' असले पंचेचाळीस निबंध तपासून मी दमलेय. असं सांगा: आपल्या गावातला असा एक नियम किंवा पाटी शोधा, जी सगळ्यांना एकच सांगते, पण सगळ्यांना एकसारखी लागू पडत नाही. पाहायला स्वतः जा, काही मोजता आलं तर मोजा. एकीने एसटीची वेळ आणली. कॉलेज पाचला सुटतं, शेवटची गाडी पावणेपाचची, त्यामुळे शेवटचा तास 'सर्वांसाठी' असून वरच्या वाडीच्या मुलींसाठी नाही. एकाने नळाच्या पाण्याची वेळ आणली.

आणि मार्केट यार्डातल्या त्या मुलाने आणलं वाचनालय. दारावर पाटी, 'सर्वांसाठी खुले'. अभ्यासिका दुसर्‍या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्याने पायर्‍या मोजल्या होत्या, ३८. आणि गावात चाकाच्या खुर्चीवर बसणारे किती, तेही घरोघर विचारून लिहिलं होतं. मी दहापैकी नऊ दिले. एक कापला तो शुद्धलेखनाचा, कारण सगळ्या कागदभर त्याने 'समाणता' लिहिलं होतं. आता तो बी.ए.ला आहे, आणि भेटला की अजून त्या एका गुणावरून माझ्याशी भांडतो.